परदेशस्थांची पुंजी कोठे असावी?

संपादक महोदय,



अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपली शिल्लक पुण्या-मुंबईच्या स्थावरात आणि तेथील बँकांच्या मुदत ठेवींत गुंतवावी, कारण त्यातच त्यांचे हित आहे आणि कर्तव्यही आहे, असे प्रतिपादन करणारा जो लेख आपल्या गेल्या अंकात प्रसिद्ध झाला, त्यातील कळकळीविषयी मला आदर आहे. परंतु हित आणि कर्तव्य या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी लेखकमहाशयांनी एकाच खात्यावर मांडल्यामुळे दोहोंच्याही हिशेबात घोटाळा झाला आहे, आणि ज्यांच्या पैशाचा हा मामला आहे त्यांच्यापैकीच कोणीतरी तो निदर्शनास आणावा, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आईवडिलांचे औषधपाणी, धाकट्या भावंडांचे शिक्षण, गावच्या घराची डागडुजी, यांसाठी येथून जो पैसा जातो तो खर्चाच्या रकान्यात लिहावा आणि त्याच्या परतीची वाट पाहू नये. त्याला गुंतवणूक म्हणणे हे कर्तव्याला कमीपणा आणणारे आहे. बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलेल्या आयरिश लोकांनी हा विवेक फार पूर्वी केला होता. 1850 साली त्यांच्यातील पुढाऱ्यांनी ‘एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक’ काढली. तिच्या खातेदारांत मोलकरणी आणि अंगमेहनत करणारे मजूर मोठ्या संख्येने होते. ही माणसे आयर्लंडातील आप्तांना नेमाने हुंड्या पाठवीत, पण स्वतःच्या आजारपणाची व वार्धक्याची तजवीज मात्र ती ज्या शहरात राबत होती त्याच शहराच्या पेढीत जमा होई. आणि म्हणून त्यांच्या मातृभूमीच्या प्रेमाविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता हिताचा विचार. अनिवासींच्या ‘एनआरई’ ठेवींवरील सहा-सात टक्के व्याजाचे लेखकांना मोठे अप्रूप वाटते, आणि ते व्याज भारतात करमुक्त आहे हेही खरे. परंतु अमेरिकेचा रहिवासी वा नागरिक जगात कोठेही मिळवलेल्या उत्पन्नावर अमेरिकेला कर देणे लागतो, ही गोष्ट त्यांनी गाळली आहे. शिवाय 2005 साली डॉलरला सुमारे 44 रुपये पडत, ते 2024 च्या अखेरीस सुमारे 85 पडू लागले. म्हणजे ज्याला शेवटी डॉलरांतच खर्च करावयाचा आहे, त्याच्या व्याजातून दरसाल सरासरी सुमारे साडेतीन टक्के तर विनिमयाच्या दरानेच कापून घेतले. भारतातील म्युच्युअल फंडांची अवस्था याहून बिकट आहे. अमेरिकेच्या 1986 च्या करसुधारणा कायद्याने परदेशी फंडांवर अशी काही जाचक आकारणी बसवली आहे की, त्यातील नफा हिशेबनिसाच्या फीत आणि करात बव्हंशी विरघळून जावा. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरांवर गेली, तरी त्याची माहिती सरकारात दाखल करावी लागते, आणि ती दाखल न करण्याचा दंड जबर आहे.

राहता राहिला तो पुण्याचा फ्लॅट. आमच्या येथील मराठी मंडळांच्या अधिवेशनांत साहित्यापेक्षा बांधकाम व्यावसायिकांच्या दालनांपुढे अधिक गर्दी का असते, हे मला कळते. ‘आपले एक घर तिकडे असावे’ या भावनेची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. परंतु किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास भाडे देणारे, सोसायटीचा देखभाल खर्च आणि घरपट्टी न चुकता मागणारे, भाडेकरू बदलला की कोणा चुलतभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून त्याच्या सवडीने चालवावे लागणारे आणि विकतेवेळी अनिवासी मालक म्हणून खरेदीदाराकडून मोठी रक्कम करापोटी कापली जाणारे असे हे स्थावर, ज्याची मुले न्यू जर्सीत लहानाची मोठी होऊन येथेच नांदणार आहेत, त्या गृहस्थाच्या निवृत्तीचा आधार कसे होऊ शकेल? हौस म्हणून तो घ्यावा. हौसेला हिशेब विचारू नये.

या सर्वांच्या मुळाशी खरे पाहता एक भय आहे. ‘हिरव्या कार्डाची रांग संपत नाही, उद्या नोकरी गेली तर परत जावे लागेल, मग येथे गुंतवलेले सारे बुडेल,’ असे तात्पुरत्या परवान्यावर आलेली तरुण मंडळी म्हणतात, आणि या समजुतीने नोकरदारांसाठी असलेल्या ‘फोर-ओ-वन-के’ या निवृत्तियोजनेत पैसे भरण्याचे टाळतात. हे भय निराधार आहे. त्या खात्यात स्वतः भरलेला पैसा देश सोडल्याने जप्त होत नाही. तो तेथेच वाढत ठेवता येतो. एकोणसाठ वर्षे सहा महिने पूर्ण होण्यापूर्वी काढल्यास नेहमीच्या प्राप्तिकराखेरीज काढलेल्या रकमेवर दहा टक्के जादा कर द्यावा लागतो, एवढेच. उलट मालकाने आपल्या पदरचे घातलेले पैसे, जे ठरावीक मुदतीच्या नोकरीनंतर पूर्णपणे आपले होतात, ते न घेणे म्हणजे पगाराचा एक भाग आपण होऊन परत करणे आहे.

सावधगिरी हवी ती दुसरीकडे. कायमचे भारतात परतून ज्याने स्वतःच्या नावे अमेरिकन कंपन्यांचे शेअर ठेवले आणि जो अमेरिकेचा नागरिक नाही, त्याच्या पश्चात 60,000 डॉलरांवरील मिळकतीला चाळीस टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो; परतीचे नक्की झाले की याची व्यवस्था जाणकाराकडून आधी करून घ्यावी. आणि एक पैसा मात्र खरोखरीच बुडतो. सामाजिक सुरक्षेपोटी पगारातून 6.2 टक्के कापले जातात आणि तितकेच मालक भरतो, परंतु निवृत्तिवेतनाचा हक्क साधारणतः दहा वर्षांच्या कामानंतर निर्माण होतो. सहा-आठ वर्षे राबून परतणाऱ्याच्या हाती त्यातले काहीही पडत नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा यांच्याशी भारत सरकारने या बाबतीत करार केलेले आहेत, अमेरिकेशी अद्याप झालेला नाही. लेखकमहाशयांना परदेशस्थ मराठी माणसाच्या पैशाची चिंता आहे, तर त्यांनी आम्हास फ्लॅट घेण्याचा उपदेश करण्याऐवजी आपली लेखणी या कराराच्या मागणीसाठी झिजवावी आणि आपण त्यांना त्यासाठी जागा द्यावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी