शपथ पर्यावरणाची, धूळ छातीत

दरवर्षी ५ जूनला अमरावती-अकोल्याच्या औद्योगिक वसाहतींत साधारण एकाच साच्याचा कार्यक्रम होतो. फाटकाजवळ खड्डे खणून ठेवलेले असतात, साहेब रोप लावतात, कर्मचारी हात पुढे करून पर्यावरणाची शपथ घेतात आणि फोटो निघतो. ही तारीख १९७२च्या स्टॉकहोम परिषदेवरून ठरली, वऱ्हाडाच्या पावसावरून नव्हे. त्या दिवशी मृग लागायचा असतो आणि पाऊस बहुधा महिन्याच्या मध्यावर येतो. तोवर रोपाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला आधी सुचेल. कंपन्यांच्या पर्यावरण प्रशिक्षणात नेमका असा स्थानिक हिशेब हरवलेला दिसतो.

प्रशिक्षणाची आकडेवारी मात्र वाढते आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना ‘सेबी’ने २०२२-२३पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. किती प्रशिक्षणे झाली, किती टक्के कर्मचाऱ्यांनी ती घेतली, हे त्यात लिहावे लागते. माहिती उघड होते, हे चांगलेच. पण दिवे बंद करा, कागद वाचवा, प्लास्टिकची बाटली आणू नका एवढे सांगणारा तासही त्या टक्केवारीत बसतो. कार्यालयातल्या माणसाला तो पुरेसा असेल. कारखान्याचा खरा भार कार्यालयात नसतो. तो यंत्राजवळ, चिमणीखाली आणि सांडपाण्याच्या नालीत असतो.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर सुरुवात कापसापासून करावी लागेल. दिवाळीनंतर जिनिंगचे रेचे सुरू होतात आणि रुईसोबत बारीक धूळही उडू लागते. या धुळीत कापसाच्या झाडाचे कण आणि जिवाणूंची विषद्रव्ये असतात. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. सूतगिरणीत धोका अधिक असतो, पण जिनिंगही त्यातून सुटलेले नाही. या आजाराची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे आठवडाभर त्रास कमी होत जातो. त्यामुळे मजुराला वाटते, सवय झाली. सुरुवातीला धुळीपासून दूर गेल्यास माणूस सुधारतो. उशीर झाला तर दम कायमचा मागे लागतो. कारखाना कायद्यात या आजाराची नोंद बंधनकारक केलेली होती. पण कामगाराने ‘सुटीनंतर छाती भरते’ हे सांगितलेच नाही आणि डॉक्टरांनी ‘काम काय करता’ हे विचारलेच नाही, तर दम्याच्या किंवा बिडीच्या नावावर तो खपून जातो.

दुसरा भार राखेचा. अकोला जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचे ५०० मेगावॉटचे केंद्र आहे, अमरावतीजवळ नांदगावपेठेत १३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प आहे. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्क्यांपर्यंत राख असते, म्हणजे तीन टन कोळसा जळाला की सुमारे एक टन राख मागे राहते. ३१ डिसेंबर २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेने ही सगळी राख वापरात आणणे वीज केंद्रांना बंधनकारक केले. धोरण योग्यच आहे. पण त्यामुळे राख फाटकाबाहेर पडते आणि टँकरचा चालक, पोती भरणारा हमाल, राखेच्या विटा पाडणारी मजूर बाई असे नवे लोक तिच्या संपर्कात येतात. राखेत सिलिका असते. हे लोक कंपनीच्या पटावर नसतात, म्हणून प्रशिक्षणाच्या टक्केवारीतही नसतात.

तिसरा भार अजून वाढायचा आहे. अमरावतीला मंजूर झालेल्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. सुमारे एक हजार एकरांवर ते उभे राहायचे आहे. रोजगारासाठी वऱ्हाडाला त्याची गरज आहे. पण सुती कापड रंगवताना रंग धाग्यात पक्का बसावा म्हणून दर लिटर पाण्यात कित्येक ग्रॅम मीठ घालतात. नेहमीच्या जैविक प्रक्रियेने सांडपाण्यातले हे विरघळलेले मीठ निघत नाही. त्यासाठी वेगळी, खर्चिक यंत्रणा लागते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे आधीच खारपाणपट्ट्यात आहेत. तिथे विहिरीचे पाणी पिता येत नाही आणि पिकालाही मानवत नाही. अशा मुलखात रंगाच्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला मीठ मोजून घालायला आणि वाया न घालवायला शिकवणे, हे शंभर रोपांपेक्षा मोठे पर्यावरणाचे काम ठरेल.

प्रशिक्षणाने फरक पडतो का, याचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. २००६ साली ९५ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले की, केवळ भाषण किंवा चित्रफीत दाखवण्यापेक्षा कामगाराला हाताने करून पाहायला लावणारे प्रशिक्षण अधिक परिणामकारक ठरते. २०१२च्या एका पद्धतशीर आढाव्यात प्रशिक्षणामुळे कामगारांचे वागणे सुधारते याचे भक्कम पुरावे मिळाले. पण केवळ त्याने आजार आणि अपघात कमी होतात, असे म्हणण्याइतके पुरावे मिळाले नाहीत. म्हणूनच औद्योगिक आरोग्यशास्त्रात क्रम ठरलेला आहे. आधी धोका काढून टाका, नाही तर यंत्राने अडवा. मग प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी मास्क.

हा क्रम उलटा केल्यावर काय होते, ते २०१७च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. हातमोजे, चष्मा, मास्क वापरावा, अशी सूचना औषधासोबत छापलेली असतेच. पण बारीक अक्षरातली सूचना म्हणजे शिकवणे नव्हे, आणि उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत तो पोशाख अंगावर टिकत नाही. जिनिंगमधल्या आणि राखेवरच्या मजुराचेही तेच. अकोल्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा ‘कामगार मास्कच घालत नाहीत’ ही व्यवस्थापनाची तक्रार खरी असते, पण अपुरी असते. त्याच्या तोंडावरचा दुपट्टा बारीक धूळ अडवत नाही. ती अडवायला शोषक पंखे आणि राखेवर पाण्याचा फवारा लागतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात बदल झाला. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. आरोग्य व सुरक्षेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. २०२०च्या कामगार संहितेनेही माहिती मागण्याचा हक्क ठेवला आहे. म्हणजे प्रशिक्षण हा कंपनीचा उपकार नाही, कामगाराने मागून घ्यायची गोष्ट आहे.

लहान जिनिंगवाला म्हणेल, हंगाम चार-पाच महिन्यांचा, मजूर दरवर्षी बदलतात, यावर खर्च कोण करणार? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर फार महाग नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी, यंत्राजवळच, मजुराच्या भाषेत अर्ध्या तासाचा पाठ घेता येतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी फुंकर मारून करायची श्वसनक्षमतेची चाचणी वसाहतीतले पाच-दहा उद्योग मिळून करू शकतात. तिचा निकाल मजुराच्या हातात द्यावा. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांची मदत घेता येईल. कंत्राटी कामगार आणि टँकरचालक यांची नावे यादीत आधी यावीत. आणि हवेतली धूळ किती, पाण्यात क्षार किती, हे दर महिन्याला फाटकावरच्या फळ्यावर लिहावे.

गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले. ते गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते झाडत, कीर्तन रात्री होई. उद्योगांनीही हाच क्रम धरला तर कामगारांना शपथ द्यावी लागणार नाही. फळ्यावरचा आकडा दर महिन्याला खाली येताना दिसला की त्यांचा विश्वास आपोआप बसेल. आकडा खाली येत नसेल, तर प्रशिक्षणाची गरज कामगारांच्या आधी व्यवस्थापनाला आहे.