दोन बल्बांचा मेंदू

‘तुझ्या डोक्यात नक्की चाललंय काय?’ हा प्रश्न आपल्याला बॉस विचारतो, आई विचारते आणि लग्न झालं असेल तर मग बोलायलाच नको. पण चिप बनवणारे इंजिनीअर्सही गेली पस्तीस-चाळीस वर्षं हेच विचारताहेत, आणि तेही अगदी सिरीयसली!

कारण हिशेबच चक्रावणारा आहे. सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन्सचा आपला मेंदू साधारण २० वॉटवर चालतो. म्हणजे घरातले दोन एलईडी बल्ब. आणि जगातल्या डेटा सेंटर्सनी? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये त्यांनी जगाच्या एकूण विजेतली सुमारे दीड टक्का वीज खाल्ली.

एवढी वीज जाते कुठे? बरीचशी हेलपाट्यांत. नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी. समजा, शेगडी तळमजल्यावर आणि फ्रीज चौथ्या मजल्यावर. प्रत्येक मिरचीसाठी जिने चढा! मेंदूत तसं नाही. दोन न्यूरॉन्समधला सांधा, म्हणजे सायनॅप्स, आठवणही ठेवतो आणि कामही तिथेच करतो.

असा सांधा आपण बनवला तर? १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी कागदावर एक पार्ट मांडला, मेमरिस्टर. आपल्यातून किती वीज वाहून गेली, हे लक्षात ठेवणारा. २००८ मध्ये एचपीच्या स्टॅनली विल्यम्स यांच्या टीमने टायटॅनियम डायऑक्साइडच्या, नॅनोमीटरमध्ये मोजायच्या थरात तो प्रत्यक्ष दाखवला. हो, पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो तोच पदार्थ! मला तर तो गवतातल्या पायवाटेसारखा वाटतो. जितकी वर्दळ तितकी वाट रुळलेली, आणि वर्दळ थांबली तरी वाट शिल्लक.

साध्या ट्रान्झिस्टर्सनाही मेंदूसारखं जोडता येतं. आयबीएमच्या २०१४ मधल्या ट्रूनॉर्थ चिपवर १० लाख कृत्रिम न्यूरॉन्स होते आणि खर्च जेमतेम ७० मिलिवॉट. आपल्या बंगळुरूच्या आयआयएससीनेही २०२४ मध्ये धमाल केली. साध्या स्विचला चालू आणि बंद एवढंच कळतं. त्यांच्या रेणूंच्या पातळ थराला तब्बल १६,५०० स्थिती साधल्या!

मग घोडं अडलंय कुठे? इतके चिमुकले पार्ट्स एकासारखे एक बनत नाहीत आणि पुन्हा पुन्हा लिहिलं की झिजतात. म्हणून तुमचा लाडका चॅटबॉट अजून खादाड चिप्सवरच चालतो.

तरी मी डोळे लावून बसलोय, आणि ते फक्त वीजबिलासाठी नाही. आज माझा आवाज, माझी नाडी, माझी झोप, सगळं समजून घ्यायला दूरच्या सर्व्हरकडे पाठवलं जातं. मनगटावरचं घड्याळच थोडक्या विजेत शिकलं, तर माझं खासगी माझ्यापाशीच राहील. हे मला वेगापेक्षा मोलाचं वाटतं.

तोवर ओरिजिनल मॉडेल सांभाळा. रोजचा खर्च फक्त ४०० कॅलरी, म्हणजे साधारण दोन प्लेट पोहे. नाश्ता चुकवू नका, बॉस!