ससून डॉक : धक्क्यावरची पहाट आणि धक्क्याचे भवितव्य

मुंबई महानगर झोपेत असते तेव्हा कुलाब्याचा ससून डॉक जागा असतो. नोव्हेंबरमधील एका पहाटे तेथे जाण्याचा योग आला. प्रवेशद्वाराजवळील घड्याळाचा मनोरा मागे पडला की ओल्या फरशीवरून टोपल्या व हातगाड्या चुकवीत वाट काढावी लागते. बर्फ, डिझेल आणि मासळी यांचा संमिश्र वास हवेत भरून राहिलेला असतो. धक्क्याला लागलेल्या नौकांवरून टोपल्या हातोहात वर येत होत्या. पापलेट, सुरमई, बांगडा, माकूल यांचे ढीग लागत होते आणि प्रत्येक ढिगाभोवती लिलावाची बोली चढत होती. बोली लावणाऱ्यांत स्त्रियांचा आवाज सर्वांत खणखणीत होता.

त्यांतल्या एका मावशींनी गळ्यातला क्रूस पाहून विचारले, "फादर, इथं काय बघायला आलात?" धक्का पाहायला आलो, असे सांगताच त्या हसल्या. "सगळेच फोटो काढायला येतात. आमचा धंदा राहील का, ते मात्र कोणी विचारत नाय." त्यांचा हा प्रश्न आजच्या लेखाचा विषय आहे.

ससून डॉकची उभारणी १८७५ साली झाली. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून यांच्या ज्यू घराण्याच्या पेढीने, त्यांचे पुत्र आल्बर्ट यांच्या पुढाकाराने, समुद्रात भराव घालून ही गोदी बांधली. पश्चिम भारतातील ही पहिली ओली गोदी मानली जाते. कापसाच्या व्यापारासाठी ती बांधली गेली होती. पुढे १८७९ साली पोर्ट ट्रस्टने ती विकत घेतली. कालांतराने मोठी जहाजे इतरत्र गेली आणि गोदी मासेमारांची झाली. एका अर्थाने ती मूळ मालकांकडेच परतली, कारण कुलाबा हे नावच कोळ्यांशी जोडले जाते आणि मुंबईला नाव देणारी मुंबादेवीही कोळ्यांचीच देवता.

आज या धक्क्यावर केवळ कोळी समाजच पोट भरतो असे नाही. नौकांवरील खलाशांत परप्रांतांतून आलेले कितीतरी तरुण आहेत. शेडमध्ये मांडी घालून तासन्‌तास कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियाही गरीब कष्टकरी कुटुंबांतल्या आहेत. बर्फाच्या पाण्याने त्यांच्या हातांची कातडी सोलवटते. सोललेल्या कोळंबीच्या वजनावर त्यांची मजुरी ठरते. आपल्या ताटातील कोळंबीच्या कालवणामागे हे हात असतात, याची आठवण आपल्याला क्वचितच होते.

धक्क्यासमोरील पहिले संकट समुद्रातच आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ साली महाराष्ट्राच्या सागरी मासळीचे उत्पादन सुमारे २ लाख टनांवर घसरले. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात वादळांनी थैमान घातले हे खरे, पण दोष केवळ वादळांचा नव्हता. अतिमासेमारी, बारीक आसाची जाळी, शहराचे सांडपाणी आणि नष्ट होत चाललेली खारफुटी ही कारणे जुनी आहेत. माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ साली कडक निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून मासे आकर्षित करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून त्याहून लहान मासे पकडण्यास मनाई करण्यात आली. नियम चांगले आहेत. पण ते मोडले जातात, ही छोट्या मच्छीमारांची तक्रारही तितकीच खरी आहे.

येथे आत्मपरीक्षणाची गरज आहे. नियम मोडणारे नेहमी परकेच असतात असे नाही. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदी माशांच्या प्रजननासाठी आहे. ती पाळणारा आपला बांधव दोन महिने कमाईविना काढतो, तर ती मोडणारा त्याच्या ताटातला घास पळवतो. बोटभर पापलेट स्वस्तात मिळते म्हणून घरी आणणारे आपण ग्राहकही त्या पापात वाटेकरी आहोत.

दुसरे संकट जमिनीवर आहे. दक्षिण मुंबईतील जागेला सोन्याचा भाव आहे, आणि अशा जागेवर मासळी वाळवणे, जाळी विणणे हे अनेकांना 'अपव्यय' वाटते. शहराला मासळी हवी असते, मासळीचा वास नको असतो. क्रॉफर्ड मार्केटजवळील छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरली, तेव्हा तेथील घाऊक मासळी व्यवसाय ऐरोलीस हलवण्याचा विचार पुढे आला. कोळी स्त्रियांनी त्यास कडाडून विरोध केला. डोक्यावर पाटी घेऊन पहाटे दारोदार फिरणाऱ्या बाईला बाजार खाडीपलीकडे गेल्याचा अर्थ लगेच कळतो. २०१७ साली ससून डॉकमध्ये भव्य कलाप्रदर्शन भरले आणि गोदामांच्या भिंतींवर कोळी बांधवांचे चेहरे झळकले. ते कौतुक स्वागतार्ह होते. परंतु भिंतीवर चित्र राहावे आणि माणूस मात्र निघून जावा, असे व्हायला नको.

विकासाला विरोध करणे हा उपाय नाही. वरळीच्या मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाला नव्हे, तर नौकांच्या वाटेत येणाऱ्या पुलाच्या खांबांना विरोध केला. दीर्घ लढ्यानंतर खांबांमधील अंतर १२० मीटरपर्यंत वाढवण्याचे प्रशासनाने मान्य केले. मागणी २०० मीटरची होती, तरीही संघटित आवाज ऐकला जातो हे सिद्ध झाले. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ मोठ्या ट्रॉलरमालकांबरोबर छोट्या होडीवाल्यापर्यंत आणि मासे विकणाऱ्या बाईपर्यंत पोचतो का, हे पाहावे लागेल.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. डहाणूजवळील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाबद्दल पालघर किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या मनात धास्ती आहे. वसईच्या पाचूबंदरापासून उत्तन, मनोरी, मढपर्यंत आपल्या कितीतरी धर्मग्रामांचे जीवन त्याच समुद्रावर चालते.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य गालील सरोवराच्या धक्क्यावरून निवडले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या विश्वपत्रात समुद्राच्या बेसुमार लुटीबद्दल इशारा दिला आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत, हे ठासून सांगितले. दर वर्षी २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्यव्यवसाय दिन येतो. त्या दिवशी मिस्सामध्ये मच्छीमारांसाठी एक प्रार्थना तरी व्हावी. त्यापलीकडे, किनाऱ्यावरील धर्मग्रामांनी शासकीय योजनांचे अर्ज भरण्यास साहाय्य करावे, कोळीवाड्यांच्या सीमांकनाची कागदपत्रे जपावीत आणि परप्रांतीय खलाशी व कोळंबी सोलणाऱ्या भगिनींचीही विचारपूस करावी. ते आपल्या धर्माचे आहेत की नाहीत, हा प्रश्न गौण आहे.

पुनरुत्थित प्रभू पहाटे किनाऱ्यावर उभा होता. रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांना त्याने प्रथम विचारले, ते काही मासळी मिळाली का, हेच. निघताना मी त्या मावशींना तोच प्रश्न विचारला. "आज मिळाली, फादर," त्या म्हणाल्या, "उद्याचं देवाला ठाऊक." ते उद्याचे उत्तर आपण सर्वस्वी देवावर सोडून चालणार नाही.