माग काढणारा मजूर, परवानावाला साहेब

परदेशात जाऊन शिकारीचा व्यावसायिक गाईड होता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. नामिबियात त्यासाठी सरकारी परीक्षा आहे, परवाना आहे. हंटिंग गाईड, मास्टर हंटिंग गाईड, प्रोफेशनल हंटर अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा गाईड त्याच्या नावे नोंदलेल्या फार्मपुरताच पाहुण्याला शिकारीला नेऊ शकतो. म्हणजे ज्याच्याकडे जमीन, त्याला वाट सोपी!

आता झरी जामणी तालुक्यातला एखादा कोलाम तरुण तिथे जायचे म्हणाला तर? ठसा कालचा की आजचा, हे तो माती पाहून सांगेल. पण त्याच्याकडे जमीन नाही, इंग्रजी नाही, विमानाचे भाडे नाही. त्याच्या ज्ञानाला कागद नाही, म्हणून ते ज्ञानच नाही!

कुणी म्हणेल, ही परक्या देशाची गोष्ट झाली. मग आपल्या विदर्भाकडे पाहा. विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्याआधी अॅलविन कूपर ही कंपनी काढली. नागपूरहून ती परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या मोहिमा आखत असे. त्या काळच्या शिकारीत मचाण बांधणारे, हाका घालणारे, जखमी जनावराच्या मागावर पुढे चालणारे बहुतेक आदिवासीच असत. शुक्ल केंद्रात मंत्री झाले. हाकेवाल्यांची नावे कुणी लिहून ठेवली?

पारध्यांचे तर त्याहून वाईट. साहेबाची शिकार हा छंद आणि पारध्याची शिकार हा पुरावा! इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, संशय मात्र गेला नाही.

2018 साली याच यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीसाठी हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान यांना बोलावले गेले. 2 नोव्हेंबरच्या रात्री त्यांच्या मुलाने तिला गोळी घातली. देशभर चर्चा झाली ती नवाबांची आणि वाघिणीची. जीव मुठीत धरून ठसे शोधणारे वनमजूर आणि गावकरी बातमीच्या कोपऱ्यातही नव्हते.

हा योगायोग नाही. जात कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली वाटते, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. काम तेच, वरच्याने केले की व्यवसाय, खालच्याने केले की हमाली किंवा गुन्हा.

1972 च्या कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झाले. ती पुन्हा सुरू करा, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्ञान तर बंद झालेले नाही! टिपेश्वरचे वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. झरी, मारेगाव, वणीच्या शेतशिवारात माग काढणारा माणूस आजही लागतो. म्हणून मागणी साधी आहे. कोलाम, गोंड, पारधी तरुणांची परीक्षा जंगलात घ्या, दहावीच्या गुणपत्रिकेवर नको. त्यांना माग काढणारे आणि गाईड म्हणून कायम पद द्या, पगार द्या, विमा द्या. वनहक्क कायदा 2006 ने आदिम जमातींना दिलेला अधिवासाचा हक्क कोलामांच्या हातात कागदासह ठेवा.

मेहेरबानी नको, कौशल्याचा मोबदला हवा. जंगल ज्याला कळते, त्याच्या छातीवर बिल्ला का नाही, याचे उत्तर वनखात्याने द्यावे.

जय भीम!