टीं-टीं नव्हे, संगीतच!

जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताचा विषय निघाला की आपल्याकडचे जाणकार हसतात. ‘ती टीं-टीं? त्याला काय संगीत म्हणायचं!’ मला या हसण्याचा राग येतो. हे लोक संगीताबद्दल बोलतच नसतात, यंत्राच्या गरिबीबद्दल बोलत असतात.

१९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉममधून एका वेळी पाचच आवाज निघत. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. त्रिकोणी लहरीचा आवाज लहानमोठा करायची सोयही नाही. चालू नाहीतर बंद. शिवाय गेममधल्या उड्या नि स्फोट यांनाही याच पाचांत जागा द्यायची. एवढ्या भांडवलावर कोजी कोंदो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची धून बांधली. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली.

कुणी म्हणेल, मर्यादा ती मर्यादाच. मग पेटीचं काय? तिच्यावर मींड निघत नाही. १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत किलकिलंही झालं नाही. त्याच पेटीला आपल्या बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांनी आयुष्य दिलं. वाद्याला काय येत नाही हे सांगणं सोपं. वाजवणारा त्याच्याकडून काय काढून घेतो, ते ऐकायला कान लागतात. चौकोनी लहरीच्या एका आवाजात तीन स्वर एकदम वाजत नाहीत. म्हणून हे संगीतकार ते तिन्ही इतक्या झरझर एकामागून एक वाजवत की कानाला स्वरांचा गुच्छच ऐकू यावा!

पण ‘चाल चांगली असली की झालं, यंत्र कुठलंही चालेल’ म्हणणारेही मला पटत नाहीत. कोनामीने १९८९ साली ‘अकुमाजो देन्सेत्सु’च्या जपानी कार्ट्रिजमध्ये व्हीआरसी-६ नावाची चिप बसवून तीन आवाज वाढवले. १९९० साली तोच गेम ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून अमेरिकेत गेला, तेव्हा हे तीन आवाज गळले. संगीत पुन्हा पाचांत बसवावं लागलं. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच, भरणा गेलेला.

आणि आपण काय ऐकलं? १९९०च्या दशकात आपल्या बाजारात फॅमिकॉमच्या नकलांचा सुळसुळाट होता. अशा अनेक नकली चिपमध्ये चौकोनी लहरींच्या रुंदीची प्रमाणं अदलाबदल झालेली असत. संगीतकाराने गोल सूर मागितला की बारीक, टोचरा सूर यायचा. त्यावर टीव्हीचा फुटका स्पीकर. म्हणजे आपण निकाल दिला तो नकलेवर!

मूळ यंत्रावरून केलेली ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. वाद्यवृंद घालून ‘सुधारलेली’ नकोत, मूळचीच घ्या, आणि बऱ्या स्पीकरवर ऐका. त्यानंतरही आवडलं नाही तर खुशाल नाही म्हणा. पण न ऐकता हसू नका.