सुटीचा अपहार आणि संमतीचे सोंग



शाळेचा उंबरठा ओलांडण्यासाठी ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, त्या घरांना ‘सुटीत जादा तास नकोत’ म्हणणारा विद्यार्थी कृतघ्न वाटण्याचा संभव आहे. परंतु निकाल देण्यापूर्वी दक्षिण कोरियातील विद्यार्थ्यांची कैफियत आपण ऐकावी, एवढीच माझी विनंती आहे.

तेथे सुटी लागली तरी कित्येक शाळांत पूरक वर्ग चालत, आणि एरवी रात्री उशिरापर्यंत मुलांना अभ्यासास बसवून ठेवीत. या रात्रीच्या बैठकीस नाव काय, तर ‘स्वयंस्फूर्त अध्ययन’! हजेरी सक्तीची आणि नाव मात्र स्वयंस्फूर्तीचे! वकिली करणारा मनुष्य म्हणून मी सांगतो: जेथे नकाराला जागा नाही, तेथे होकाराला किंमत नाही.

मे २००५ मध्ये, परीक्षेच्या दडपणाने जीव गमावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ सेऊल शहरात विद्यार्थ्यांनी मेणबत्त्या पेटवून सभा भरविली. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये ग्यॉन्गी प्रांताने त्या देशातील पहिला विद्यार्थी मानवाधिकार कायदा जारी केला. रात्रीचे अध्ययन असो वा पूरक वर्ग असो, निवड विद्यार्थ्याची, असे त्याच्या नवव्या कलमाने ठरविले. सेऊलमध्ये असाच कायदा नागरिकांच्या सह्यांच्या बळावर मागण्यात आला. सही करण्याचा अधिकार केवळ प्रौढांना! ज्यांच्या हक्काचा प्रश्न, त्यांचीच सही ग्राह्य नाही! तरीही प्रौढ रहिवाशांपैकी आवश्यक त्या एक टक्का लोकांच्या सह्या जमल्या, आणि जानेवारी २०१२ मध्ये कायदा जारी झाला.

विरोधक विचारतात, ‘श्रीमंताचा मुलगा खासगी शिकवणी विकत घेईल, गरिबाच्या मुलाने काय करावे?’ प्रश्न रास्त आहे, पण सक्ती हे त्याचे उत्तर नव्हे. या कायद्याने वर्ग बंद केले नाहीत, फक्त दाराची बाहेरची कडी काढली. ज्याला शिकावयाचे आहे त्याला दार उघडेच आहे. जो वर्ग कडी लावल्याशिवाय भरत नाही, त्याने आधी आपले अध्यापन तपासावे.

मिळालेला हक्कही राखावा लागतो. शिक्षकांचा अधिकार खालावतो, असा आक्षेप घेऊन एप्रिल २०२४ मध्ये सेऊलच्या परिषदेने हाच कायदा रद्द करण्याचा ठराव केला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली.

हे दूरदेशीचे भांडण म्हणून आपण बाजूस सारू नये. १९८९ च्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम मुलाला विश्रांतीचा व खेळाचा हक्क देते. १२ वे कलम त्याच्याशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकावयास सांगते. भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली आहे.

म्हणून सुटीतील वर्गांचा कागद आपल्या घरी आला, तर सही करण्यापूर्वी त्यात ‘नाही’ लिहावयास जागा आहे काय, हे पाहा. नसेल तर कोणत्या नियमान्वये ही सक्ती, असे शाळेस लेखी विचारा. आणि त्याही आधी आपल्या मुलाला विचारा. शाळेने त्याला विचारले नाही. निदान आपण तरी तो अन्याय करू नये.