घुमटावर बाई, भिंतीवर बुवा

बोरीबंदर, व्ही. टी., सी. एस. टी. आणि २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मुंबईच्या या स्टेशनाचं नाव बदललं की भरपूर चर्चा होते. याच्या इतिहासात बाई कुठे आहे, ही चर्चा मात्र इतकी वर्षं कल्याणहून ये-जा करताना मी एकदाही ऐकली नाही.

तशी बाई आहे. मान वर करून बघा. मुख्य घुमटावर, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेऊन ती उभी आहे. तिचं नाव ‘प्रगती’. म्हणजे ती कुणी खरी बाई नव्हे, नुसती कल्पना. खाली भिंतीवर मात्र जी. आय. पी. रेल्वे कंपनीशी संबंधित मंडळींचे चेहरे कोरलेत. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई, सगळे खरेखुरे पुरुष. एक खरी बाई होती, व्हिक्टोरिया राणी. पण तिथे जागा मिळायला राणीच व्हावं लागलं! स्वातंत्र्यानंतर तिचा पुतळाही हलवला.

इमारतीचं काम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्यांना सांगता येतं. पण इथली गाडी घाट चढून पुण्याकडे गेली ती कुणाच्या जिवावर? बोरघाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि १८६३ मध्ये घाट पुरा झाला. अ‍ॅलिस गोरी होती, कंत्राटदारीण होती, म्हणून तिचं नाव निदान कागदावर उरलं. त्याच घाटात नवऱ्याच्या बरोबरीने डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या आपल्याकडच्या बायका होत्या. पटकी आली, तापाची साथ आली, मजूर हजारोंनी मेले. त्यातल्या एकाही बाईचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

हे जुनं झालं म्हणाल, तर १४ मार्च २०१९ आठवा. स्टेशनालगतचा हिमालय पूल संध्याकाळी गर्दीच्या वेळी कोसळला. त्याआधीच्या तपासणीत तो ठीक ठरला होता. सात माणसं गेली. त्यातल्या तिघीजणी जी. टी. रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. शहर ज्यांच्या रात्रपाळीवर चालतं, त्यांच्या पायाखालचा पूल कुणी नीट बघितला नाही.

सुरेखा यादव १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत चालवत याच स्टेशनात आल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं. फोटोही खूप निघाले. पण फोटोतली एक बाई दाखवून बाकीच्यांचा हिशेब मिटवण्याची रीत जुनीच आहे, घुमटाइतकी.

सध्या या स्टेशनाचा पुनर्विकास चालू आहे. इतिहासाचे नवे फलक लागतील. मैत्रिणींनो, ते लागण्याआधी आपण बोलायला हवं. घाटातल्या मजूरणी आणि पुलावर गेलेल्या परिचारिका यांच्यासाठी एक फलक हवा. तोही मराठीत, उपनगरी गाड्यांच्या बाजूला, जिथून आपण रोज धावतपळत जातो. आणि त्याबरोबर रात्रभर उघडं, दिवा नि पाणी असलेलं स्वच्छतागृह. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू. मसुदा मी लिहिते. सह्या बायकांच्या डब्यात गोळा करू.